सूचनेचं चित्र कसं करायचं? पेंटचा साधा धडा



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट बऱ्याच जणांना आठवत असेल. गेट उघडणार ही खबर आम्हाला दुपारीच मिळाली होती. आम्ही लगेच ग्रुपवर आणि पेजवर टाकली. पण कशी टाकली? अकरा ओळींची सूचना. वर "सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की", मधे आभार, खाली पदाधिकाऱ्यांची नावं. गेट कधी उघडणार ते सातव्या ओळीत होतं. संध्याकाळी जाळी लावून आलेल्या मंडळींनी दोन ओळी वाचल्या आणि फोन खिशात टाकला. सकाळी जाळी नव्हती. एका घरची तीन जाळी गेली. त्या घरचे दादा आम्हाला एवढंच म्हणाले, "सेक्रेटरी, तुमी टाकलं होतं खरं, पण आमाले दिसलं नाही."

खबर वेळेवर होती. सांगण्याची पद्धत चुकली, आणि ती चूक आमची. तेव्हापासून संस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही सूचनेची चित्रं करायला शिकलो. आज तेच तुम्हाला सांगतो. घरातल्या शिकलेल्या पोरा-पोरींना हा धडा जरूर दाखवा. पुढच्या पावसाळ्याआधी गावागणिक एक तरी माणूस हे काम करणारा हवा.

चित्र कशासाठी?

आपल्या भागात घरी मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत तेलुगू आणि हिंदी. म्हाताऱ्या मंडळींना मराठी वाचता येतं, तर नातवंडं तेलुगू शाळेत जातात. काहींना दोन्ही वाचता येत नाही. सात्नाला, मत्तडिवागू आणि पैनगंगेच्या काठची सगळी माणसं एकाच लिपीत बांधता येत नाहीत. पण धरणाचं गेट, खाली येणारा बाण आणि लाल पट्टी कुणालाही कळते.

मोठ्या संस्थाही हेच करतात. आपल्या हैदराबादेत इन्कॉईस नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, १९९९ साली सुरू झालेली. समुद्रात मासे कुठं मिळण्याची शक्यता आहे हे ती उपग्रहाच्या माहितीवरून काढते आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना कळवते. महाराष्ट्रासाठी मराठीत, आंध्रसाठी तेलुगूत. सोबत नकाशा असतो, त्यावर रेषा मारलेल्या असतात. बंदरावरच्या फलकावरही ही माहिती लागते. आपला तलाव लहान असला तरी रीत तीच घ्यायची: थोडे शब्द, नेमका आकडा, एक चित्र.

कोणता प्रोग्राम?

विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये पेंट असतोच. विकत घ्यावा लागत नाही, चालवायला इंटरनेट लागत नाही. १९८५ सालच्या पहिल्या विंडोजपासून तो आहे. २०१७ मध्ये पेंट बंद होणार अशी बातमी पसरली, तेव्हा जगभरातून इतकी ओरड झाली की कंपनीला तो राहणार असं सांगावं लागलं. स्टार्टमध्ये जाऊन "पेंट" शोधलं की उघडतो.

पहिलं काम: कागदाचा आकार

पेंट उघडला की कंट्रोल आणि ई ही दोन बटणं एकत्र दाबा. रुंदी आणि उंची विचारणारी चौकट येते. पिक्सेल निवडा आणि दोन्ही ठिकाणी १०८० लिहा. पिक्सेल म्हणजे रंगाचा एक ठिपका. चौकोनी चित्र फोनवर उभं-आडवं कसंही नीट दिसतं.

आता अक्षराचा हिशेब. फोनचा पडदा साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद असतो. १०८० ठिपक्यांचं चित्र तेवढ्यात आकसतं. पेंटमध्ये २४ आकाराचं अक्षर घेतलं तर ते ३२ ठिपक्यांचं होतं, म्हणजे फोनवर दोन मिलिमीटरही भरत नाही. उन्हात, ओल्या हातानं, तराफ्यावर बसून ते कोण वाचणार? ७२ आकार घेतला तर अक्षर अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास येतं. मुख्य ओळ ७२ किंवा त्याहून मोठी, बाकीच्या ओळी ४८ च्या खाली नकोत. एवढ्या मोठ्या अक्षरात ओळी फार मावत नाहीत, हाच त्याचा फायदा. अकरा ओळी लिहायची सोयच राहत नाही.

दुसरं काम: चार गोष्टी

चित्र काढायच्या आधी कागदावर चार गोष्टी लिहून घ्या.

१. काय होणार?
२. कुठं?
३. कधी?
४. आपण काय करायचं?

"कधी" लिहिताना "आज" आणि "उद्या" हे शब्द टाळा. चित्र ग्रुपवरून ग्रुपवर फिरतं. आजचं चित्र कुणाला परवा मिळतं आणि त्याचा "उद्या" तिसऱ्याच दिवशी जातो. वार, तारीख आणि वेळ लिहा. "९ वाजता" एवढंही पुरत नाही, "रात्री ९" लिहा. आदरार्थी मजकूर, आभार, पदाधिकाऱ्यांची नावं चित्रात नकोत. ते बैठकीत बोलू.

तिसरं काम: चित्र काढणं

गेटच्या सूचनेचं चित्र काढून बघू.

चौकोनाचा आकार निवडा आणि वरच्या बाजूला आडवी पट्टी ओढा. रंगाची बादली घ्या, लाल रंग निवडा, पट्टीच्या आत क्लिक करा. पट्टी लाल होते. बादलीचा रंग बंद रेघेच्या आतच थांबतो. रेघेत बारीकशी फट राहिली तरी रंग सगळ्या कागदावर सांडतो. जाळ्याला भोक पडलं की मासा निसटतो, तसंच हे. घाबरायचं नाही, कंट्रोल आणि झेड दाबा, मागचं परत येतं. फट बुजवा आणि पुन्हा भरा.

मधे धरणाची भिंत काढा. रेघ काढताना शिफ्ट दाबून ठेवली की रेघ सरळ येते, हात हलला तरी वाकत नाही. गेटसाठी एक उभा चौकोन काढा. तो निवडून कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही केलं की दुसरा तयार, मग तो ओढून शेजारी न्या. चिकटवलेल्या चौकोनाचा पांढरा भाग खालचं चित्र झाकत असेल तर निवडीच्या यादीतला पारदर्शक पर्याय चालू करा. गेटखाली जाड निळा बाण काढा. बाणाचा आकार पेंटमध्ये तयारच असतो. बाणाच्या पुढं एक साधी नाव आणि तिच्यावर लाल फुली. झालं चित्र. पाण्याच्या लाटा, सूर्य, फुलं, नक्षी काही नको.

मग अक्षरं. "ए" असं लिहिलेलं हत्यार घ्या, पट्टीवर चौकट ओढा आणि लिहा. फॉन्ट निर्मला यूआय घ्या. त्यात मराठी आणि तेलुगू दोन्ही चालतात, म्हणून वर मराठी, खाली तेलुगू अशी ओळ एकाच फॉन्टात बसते. मराठी टाईप करायची सवय नसेल तर फोनवर लिहा, व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर उघडून तिथून कॉपी करा आणि चौकटीत चिकटवा.

एक ध्यानात ठेवा. चौकटीच्या बाहेर क्लिक केलं की अक्षरं चित्रात मुरतात. मग एक काना जरी चुकला तरी खोडून नव्यानं लिहावं लागतं. बाहेर क्लिक करण्याआधी तारीख आणि वेळ मोठ्यानं वाचा, शेजारी कुणी असेल तर त्याला वाचायला लावा.

रंग ठरलेले ठेवा

हवामान खातं चार रंग वापरतं. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हालचाल करा. टीव्हीवर हेच रंग दिसतात, म्हणून आपणही तेच घेतले. मत्स्यबीज वाटप किंवा बैठकीच्या सूचनेला लाल पट्टी लावायची नाही. रोज लाल दिसायला लागलं तर खऱ्या दिवशी कुणी बघणार नाही.

नुसत्या रंगावरही विसंबू नका. काही माणसांना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही. पट्टीवर "धोका" किंवा "माहिती" असा शब्द हवाच. आणि गेट बंद झालं की हिरव्या पट्टीचं "धोका संपला" हे चित्रही टाकायचं. ते विसरलो तर माणसं विनाकारण दोन दिवस घरी बसतात.

मासा काढताना

मत्स्यबीज वाटपाच्या चित्रात नुसता एक मासा काढून भागत नाही, कोणतं बीज आलं ते कळलं पाहिजे. अंडाकृती आकार, मागं त्रिकोणी शेपटी, एक डोळा, एवढ्यात मासा होतो. मग फरक दाखवा. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं. तो वरच्या पाण्यात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाशी खातो, त्याचं तोंड खालच्या बाजूला काढा. सायप्रिनसला तोंडाजवळ छोट्या मिशा द्या. मरळ लांबट, सापासारख्या डोक्याचा, पाठीवरचा पर शेपटीपर्यंत लांब. हाच कोर्रमीनू आपल्या तेलंगणाचा राज्यमासा आहे.

बीजाचा आकार दाखवताना आम्ही एकदा फसलो. ८० मिलिमीटरचं बीज म्हणून तेवढाच मासा काढला. पण प्रत्येकाच्या फोनवर चित्र लहान-मोठं दिसतं. कुणी म्हणे बोटाएवढा, कुणी म्हणे नखाएवढा. आता आम्ही आकडा लिहितो आणि शेजारी चार आडव्या बोटांचं चित्र काढतो. बोटं सगळ्यांजवळ असतात.

साठवणं आणि पाठवणं

साठवताना पीएनजी निवडा. जेपीईजी हा प्रकार फोटोंसाठी चांगला, पण अक्षरांच्या कडेला त्यानं धूर धरल्यासारखं होतं. बीएमपी घेतलं तर आपलं चित्र जवळपास साडेतीन एमबी भरतं. पीएनजीत तेच साधं चित्र बहुतेक वेळा शंभर केबीच्या आत राहतं, म्हणजे नेटवर्क कमी असलेल्या पाड्यावरही लवकर उघडतं. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. अक्षर फुटत असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

अक्षरं न लिहिलेलं, फक्त पट्टी आणि गेटचं चित्र "कोरा नमुना" नावानं वेगळं ठेवा. वेळ आली की तो उघडायचा, आधी "सेव्ह ॲज" करून तारखेचं नाव द्यायचं आणि मग लिहायचं. कोरा नमुना तयार असला की घाईच्या वेळी पाच मिनिटांत काम होतं.

चित्राखाली तोच मजकूर दोन ओळींत टाईपही करा. चित्रातली अक्षरं ग्रुपमध्ये शोधून सापडत नाहीत, आणि ज्याला दिसत नाही त्याला फोन टाईप केलेलं वाचून दाखवतो.

हे करू नका

- सरावाचं चित्र ग्रुपवर टाकू नका. टाकायचंच असेल तर मोठ्या अक्षरात "सराव" लिहा. खोटं गेटचं चित्र एकदा फिरलं की थांबत नाही.
- तारीख आणि संस्थेचं नाव नसलेलं चित्र पुढं पाठवू नका. आधी फोन करून विचारा.
- अशोक स्तंभाची मुद्रा लावू नका. तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. आपल्या संस्थेचं नाव पुरेसं आहे.
- खबर पक्की झाल्याशिवाय लाल पट्टी काढायचीच नाही.

शेवटची परीक्षा

चित्र झालं की ग्रुपवर टाकण्याआधी घरातल्या एका माणसाला दाखवा, शक्यतो वाचता न येणाऱ्या. फोन हातभर लांब धरा, पाच मोजा आणि फोन बाजूला घ्या. मग विचारा, काय कळलं? "पाणी येणार, नाव घालायची नाही" असं उत्तर आलं तर चित्र पास. "काहीतरी मीटिंग आहे वाटते" असं आलं तर पुन्हा काढा.

आम्ही पहिलं चित्र त्या तीन जाळी गेलेल्या घरीच नेलं होतं. दादांच्या आईनं बघितलं आणि विचारलं, "पाणी सोडून राहिले, पण कवा?" वेळ आम्ही कोपऱ्यात बारीक लिहिली होती. तेव्हापासून वेळ मधोमध असते, सगळ्यात मोठ्या अक्षरात.

या महिन्याच्या बैठकीला ज्याला जमेल त्यानं एक चित्र करून आणावं. विषय: "मत्स्यबीज वाटप", तारीख मनानं घाला, वर "सराव" लिहा. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांनी कचेरीत या, आमचा जुना आहे पण चालतो. चूक झाली तर कंट्रोल-झेड आहेच.

आपला,
सेक्रेटरी, आणि संचालक मंडळ