आईला खरं सांगून जा

अगं, चौघी नाशिकला चाललात ते छानच. पण आईला ‘त्र्यंबकेश्वरला जातोय’ असं सांगू नकोस. दर्शनाला जरूर जा, वाइनरीवर पांघरूण घालायला मात्र देवाला मध्ये घेऊ नका. आई चिडेल, दोन दिवस फोनवर ‘हं, हं’ करेल. चालेल. तिला हेही सांग, की राजीव सामंतांनी आपल्या वाइनरीचं ‘सुला’ हे नाव आईच्या, सुलभाताईंच्या नावावरून ठेवलंय. एवढ्यानं ती पाघळणार नाही, पण गालातल्या गालात हसेल.

तारीख मात्र नीट बघ. जोडून सुट्टी दिसली की सगळे 26 जानेवारी गाठतात, आणि नेमका त्या दिवशी ड्राय डे! जायचं ते जानेवारी-फेब्रुवारीतच, कारण तेव्हा वेलीवर घड असतात. नाशिकची वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी. पीक मात्र एकदाच. युरोपात थंडीत वेल झोपते, आपल्याकडे तशी कडाक्याची थंडी नाही, म्हणून तिला शिस्त कात्रीनं लावायची. मे महिन्यात गेलीस तर नुसती पानं बघून येशील. आणि टेस्टिंगच्या आधी मळ्यातला फेरफटका चुकवू नकोस. वाइनची द्राक्षं आपल्या खायच्या थॉमसनसारखी नसतात. बारीक, जाड सालीची, बियांची. लाल वाइनचा रंग सालीतून येतो आणि तो तुरटपणा साल-बियांतून. हे एकदा डोळ्यांनी बघितलंस की पुढचं निम्मं आपोआप कळतं.

एका दिवसात दोनच वाइनरी करा. गंगापूर धरणाकडे सुला आणि यॉर्क जवळजवळ आहेत. सांजेगावला, म्हणजे इगतपुरीच्या बाजूला, ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने. ती दिशाच वेगळी, तिला दुसरा दिवस द्या. यादी पुरी करायला धावाल तर शेवटच्या ग्लासाची चवसुद्धा लक्षात राहणार नाही.

टेस्टिंगला बसलात की हलकी पांढरी आधी, मग रोझे, मग लाल, गोड सगळ्यात शेवटी. कोणी ‘यात पेरूचा वास येतोय का?’ म्हणालं आणि तुला नाही आला, तर नाही म्हण. बिनधास्त. तुला गोडसर शेनिन ब्लांक आवडली आणि शेजारच्या टेबलावरचा कोणी शिराझवर व्याख्यान देत असला, तरी तू शेनिनच माग. सामंतांनी 1997 मध्ये इथे शेनिन आणि सोव्हिन्यॉं ब्लांक लावली तेव्हा नाशिक खायच्या द्राक्षांसाठीच ओळखलं जायचं. तिथे कोणाच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाइनची जाण चालत आलेली नाही. मग तुलाच का संकोच? घोट तोंडात घोळवून पिकदाणीत टाकलास तरी कोणी वाईट मानत नाही, ती त्यासाठीच ठेवलेली असते.

आता हिशोब ऐक, कारण ‘वाइनच तर आहे’ हे वाक्य फार फसवं आहे. 150 मिलीच्या एका ग्लासात साधारण तेवढंच अल्कोहोल असतं, जेवढं 45 मिली व्हिस्कीत. तीस-तीस मिलीचे पाच नमुने म्हणजे झाला की एक ग्लास! म्हणून गाडी स्वतःची नेऊच नका. शुक्रवारी संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं जा आणि तिथे दिवसभरासाठी ड्रायव्हरसह गाडी ठरवा. परतीची वेळ त्याला आधीच सांगा, रात्री मळ्यातून ऐनवेळी गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. आणि तुमच्यातली जी पीत नाही, तिला ‘अगं, एक घोट तरी’ म्हणून छळायचं नाही. तिच्यासाठी द्राक्षाचा रस मागव आणि बिल चौघींत सारखं वाटू नकोस. मैत्रिणी अशा बिलांवरूनच मनात धरतात. बोलत नाहीत एवढंच.

रिकाम्या पोटी तर अजिबात नको. सकाळी चुलीवरची मिसळ खा, पण तिच्यानंतर लगेच लाल वाइन नको. तिखटावर तो तुरटपणा आणि अल्कोहोल, दोन्ही जिभेला जाळतात. तर्रीशी जमवून घेते ती किंचित गोड, गार पांढरीच. कोंडाजीचा चिवडा घरी आणायला घे, आईचा राग त्यानं लवकर उतरेल.

बाटल्या घेतल्यास तर सगळ्यात शेवटच्या ठिकाणी घे, आणि गाडीच्या डिकीत दुपारभर तापत ठेवू नकोस. तुमच्यातली ती सुरतची तिथूनच परस्पर घरी जाणार आहे ना? तिच्या बॅगेत एकही बाटली जाऊ देऊ नकोस, भेट म्हणूनसुद्धा नाही. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि हद्दीवर बॅगा उघडतात. तिच्या वाटची तू आण. पुढच्या वेळी ती मुंबईला आली की उघडा.