पावली: मेंदूचाही व्यायाम

नाच म्हणजे तरुणांचं काम, असं आपण धरून चालतो. आमच्या बहादरपुरात भजनात एखादी आजी पावली खेळायला उठली की घरचेच म्हणतात, "बस गं, पडशील!" काळजी खरीच आहे, पण आजी तिथे नेमकं काय करते, ते पाहू.

टाळाचा ठेका ऐकायचा, पुढचं पाऊल आठवायचं, शेजारणीशी लय जुळवायची, तोल सांभाळायचा आणि वर अभंगही म्हणायचा. मेंदू एवढी कामं एकाच वेळी करतो. नुसत्या चालण्यात हे घडत नाही.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या 75 वर्षांवरील 469 जणांचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. वाचन, वाद्यवादन, पटावरचे खेळ आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. शारीरिक हालचालींपैकी असा संबंध फक्त नृत्याशी दिसला. अर्थात संबंध म्हणजे कारण नव्हे. ज्यांचा मेंदू शाबूत, तेच नाचत असतील, असंही होऊ शकतं.

शिकागोत डेव्हिड मार्केझ यांनी लॅटिन अमेरिकी वंशाच्या ज्येष्ठांसाठी साल्सा, मेरेंगे, बचाता आणि चा-चा-चा या नाचांचे वर्ग आखले. त्यातलं मर्म मला मोलाचं वाटतं: व्यायाम परका नको, ओळखीच्या संगीतावरचा हवा. आपल्याकडे ती जागा पावलीची, फुगडीची.

म्हणून आजीला खाली बसवू नका. गुडघे आणि रक्तदाब यांबद्दल डॉक्टरांना विचारा, जमीन कोरडी ठेवा आणि तिच्या शेजारी उभे राहा. अभंग पाठ नसेल तर तीच शिकवेल.