बोथट टोकाचे शास्त्र

अवकाशातून परतणारे यान टोकदार असावे, म्हणजे ते हवा चिरीत सुखरूप खाली येईल, असे कोणासही वाटेल. जाणत्यांनाही तसेच वाटत होते. १९५१ मध्ये अमेरिकेतील एम्स प्रयोगशाळेतील ज्युलियन ॲलन यांनी नेमके उलट मत मांडले: यानाचा पुढचा भाग बोथट ठेवा. परंपरेने चालत आले किंवा तर्काला सुसंगत दिसले एवढ्यावरून काही मानू नये, हा कालाम सुत्तातील उपदेश आम्हा इतिहासाच्या शिक्षकांना येथे आठवतो.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर असतो; ध्वनीचा अवघा ३४० मीटर. त्यामुळे पुढच्या हवेला बाजूला सरण्याची वर्दीच मिळत नाही. ती एकाएकी दाबली जाते व कमालीची तापते. हाच आघात-तरंग, म्हणजे शॉक वेव्ह. टोकदार वस्तूच्या टोकाला तो चिकटून राहतो. बोथट वस्तूपुढे मात्र तो धनुष्यासारखा वाकून, अंतर राखून उभा राहतो. पुष्कळशी उष्णता हवेतच राहून बाजूने निघून जाते. उरलेली उष्णतारोधक कवच सोसते. २२ जानेवारी २००७ रोजी बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरलेली इस्रोची ५५० किलोंची कुपी अशीच बोथट नाकाची होती.

वसईहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा पवईच्या आयआयटीत यासाठी ‘शॉक टनेल’ आहे. अशा नळीत उच्च दाबाचा वायू पातळ पडदा फोडून धावतो, प्रतिकृतीवर प्रचंड वेगाचा झोत येतो आणि काही मिलिसेकंदांत प्रयोग संपतो. तेवढ्यात छायाचित्रे व दाबाच्या नोंदी घ्यावयाच्या असतात. प्रयोगशाळा ही आपली जागा नव्हे, असे पहिल्या पिढीच्या मुलांच्या मनावर फार लवकर बिंबवले जाते. आम्हांस ते मुळीच मान्य नाही.

वसतिगृहाच्या मोरीतही सुरुवात करता येते. मोठे ताट किंचित तिरपे ठेवून त्यावरून पाण्याचा पातळ, वेगवान थर वाहू द्यावा आणि मध्ये बाटलीचे झाकण दाबून धरावे. झाकणापुढे पाण्याची वाकडी कड उभी राहते. पाणी म्हणजे हवा नव्हे, हे खरे; परंतु दोहोंतील साम्य अभ्यासकांनीही वापरले आहे. झाकणाऐवजी पट्टीचा कोपरा प्रवाहासमोर धरला, की कड मागे येऊन त्याला बिलगते. लहानमोठी झाकणे घेऊन हे अंतर मोजावे व वहीत मांडावे.