दार उघडलं की गाडी अडते

प्रश्न : माझ्याकडे विजेवरचा छोटा मालट्रक आहे. अडत्याच्या गल्लीत मागे घेताना दार उघडून वाकून पाहिलं की गाडी आपोआप न्यूट्रल होते. मेकॅनिक म्हणतो, दाराच्या स्विचची वायर थेट जोडून टाकू. जोडू का?
— एक वाहनमालक, बिलोली

उत्तर : नका जोडू. दार उघडलं की गाडी न्यूट्रल होते ती सुरक्षेसाठीच. डिझेल गाडी चालू असली की इंजिनाची घरघर ऐकू येते. विजेची मोटर उभ्या गाडीत फिरतच नाही, म्हणून गाडी ‘डी’वर (ड्राइव्हवर) आहे हे विसरून चालक उतरू शकतो. आणि ही मोटर शून्य वेगापासूनच भरपूर जोर लावते. पॅडलला चुकून पाय लागला तरी गाडी पुढे जायला पुरे.

तुमची अडचण मात्र खरी आहे. धक्क्याला इंच-इंच सरकताना आरशात मागचं चाक दिसत नाही. दार उघडून वाकून पाहायची आपल्या चालकांची सवय कंपन्यांनी आधीच ध्यानात घ्यायला हवी होती. कमी वेगाला सूट देणारी सेटिंग तुमच्या मॉडेलमध्ये आहे का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. नसेल तर मागे कॅमेरा आणि जादा गोल आरसा बसवा. हमालाला गाडीच्या मागे नको, आरशात दिसेल असा बाजूला उभा करा.

चार्जिंगची गन लागलेली असताना गाडी हलू न देणारी यंत्रणा तर कुणालाच छेडू देऊ नका. नारिंगी वायरी उच्च दाबाच्या असतात, तिथे साधा टेस्टर चालत नाही.