मामांची फेरी आणि संगणकाची स्मृती

इतिहासाच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या तबकडीवर लेख लिहावा, याचे काही प्राध्यापकांना नवल वाटेल. परंतु गेली दोन वर्षे मी आपल्या ग्रंथालयाच्या देवघेव विभागात अर्धवेळ काम करीत असून, तेथील खिडकीपुढच्या रांगेने मला या विषयाकडे अक्षरशः ढकलले. वाचकाने ओळखपत्र पुढे करावे, मी क्रमांक टिपावा आणि मग दोघांनीही दहा-बारा सेकंद पडद्याकडे पाहत बसावे, असा तेव्हाचा क्रम होता. रांगेतले लोक मात्र आतल्या कपाटांतून पुस्तके आणणाऱ्या मामांवर चिडत. मामांचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

दोष कोठे होता हे समजण्यास मामांचीच उपमा कामी येते. खिडकीजवळच्या टेबलावर जी पुस्तके असतात ती हात लांबवला की मिळतात. बाकीच्यांसाठी मामांना आत जावे लागते, शिडी लावावी लागते. संगणकाचेही तसेच आहे. त्याची स्मृती, म्हणजे आपण जिला मेमरी म्हणतो ती, हे टेबल. आणि फिरती तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, हे आतले कोठार. फरक एवढाच की मामांची फेरी टेबलावरून पुस्तक उचलण्याच्या मानाने फार तर शंभरपट लांबते. संगणकातले प्रमाण याहून कितीतरी भयंकर आहे.

आपल्या संगणकाची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद वाचणाऱ्या टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा जातो आणि तत्पूर्वी ते टोक धरणारा दांडा योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी आठेक मिलिसेकंद. एकूण १२. स्मृतीतून तीच गोष्ट मिळण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद पुरतात. भागाकार केला तर उत्तर येते १ लक्ष २० हजार! स्मृतीला लागणारा वेळ एक सेकंद मानला, तर तबकडीकडची एक फेरी ३३ तास २० मिनिटांची होते. आज अनेक ठिकाणी फिरता भाग नसलेल्या एसएसडी आल्या आहेत. त्यांनाही याच मापाने सुमारे १७ मिनिटे लागतात.

१९५६ साली आयबीएमने पहिला तबकड्यांचा संग्राहक बाजारात आणला, त्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि एका नोंदीस सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. तेव्हापासून साठवण लक्षावधी पटींनी वाढली, परंतु फिरत्या तबकडीचा वेग जेमतेम पन्नासपट. कारण उघड आहे. दांडा हलवावा लागतो, चकती फिरवावी लागते. लोखंडाला वस्तुमान असते.

आता आमच्या रांगेकडे वळू. देवघेवीच्या सुमारे १२ लक्ष नोंदी एका तक्त्यात होत्या, एकूण ३६० मेगाबाइट. आम्ही वापरतो ते मायएसक्यूएल हे माहिती १६ किलोबाइटच्या पानांनी वाचते, म्हणजे झाली २३ हजार पाने. स्मृतीतील टेबल मात्र मूळ नेमणुकीप्रमाणे १२८ मेगाबाइटचेच. त्यावर ८ हजार पाने मावत. वाचक क्रमांकाची सूची कोणी केलेलीच नव्हती. त्यामुळे प्रत्येक ओळखपत्रासाठी यंत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळत जाई, पुढची पाने आत येताना मागची बाहेर टाकी, आणि पुढच्या वाचकासाठी पुन्हा श्रीगणेशा. दुसऱ्या खिडकीवरही तेच चालू असले की दांड्याची नुसती धावपळ.

मी सूची करविली. बायर आणि मॅक्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या वृक्षरचनेवर ती आधारलेली असते. तीन-चार पाने उलटली की नोंदीचा पत्ता लागतो. तरीही एखाद्या वाचकाची चाळीस पुस्तके चाळीस पानांवर विखुरलेली असत, म्हणजे चाळीस फेऱ्या, जवळजवळ अर्धा सेकंद. तेव्हा स्मृतीतील टेबल एक गिगाबाइटचे केले. जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी १९८७ साली तेव्हाच्या किमतींवरून हिशेब मांडला होता, की जे पान दर पाच मिनिटांत एकदा तरी लागते ते स्मृतीत ठेवणेच स्वस्त. आमच्याकडे दुपारी सगळीच पाने तशी. रांग ओसरली. मामांनी मला चहा पाजला.

सकाळचा पहिला अर्धा तास मात्र संथच जाई. रात्री यंत्र बंद केले की स्मृती कोरी होते, सकाळी सारे पुन्हा तबकडीवरूनच आणावे लागते. ही गोष्ट मला पाठ होती. तरीही पुढची चूक माझ्याच हातून घडली.

एका रविवारी मी जुन्या वहीतील दोन लक्ष नोंदी संगणकात भरीत होतो. प्रत्येक नोंद तबकडीवरील रोजकीर्दीत पक्की उतरल्याखेरीज मायएसक्यूएल ‘झाले’ म्हणत नाही, आणि तबकडीचे तर सेकंदाला १२०च फेरे. काम तासाभराहून लांबणार हे पाहून मी त्या अटीच्या रकान्यात १ ऐवजी ० घातले. आता रोजकीर्द सेकंदातून एकदाच तबकडीवर उतरणार होती, तोवर सारे स्मृतीतच. काम काही मिनिटांत उरकले आणि मी आनंदाने घरी गेलो. रकान्यातले शून्य तसेच राहिले.

मार्चमध्ये एके दिवशी दुपारी वीज गेली. बॅटरीचा संच दुरुस्तीस गेला होता. वीज आल्यावर तपासले तर सर्व ठीक दिसले. हरवला होता तो एकच सेकंद, आणि त्या सेकंदात तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने परत केलेले एक पुस्तक. पडद्यावर ‘परत आले’ अशी अक्षरे तिने आणि मी दोघांनीही वाचली होती. एप्रिलमध्ये तिचा ना-देय दाखला अडला. ती शांतपणे म्हणाली, “दादा, तुमच्या समोरच दिलं होतं.” मी यंत्रावर विश्वास ठेवला, तिच्यावर नाही. दंडाची रक्कम सांगितली. बारा दिवस ती रोज येऊन विचारून जाई.

पुस्तक सापडले ते मामांना, कपाटात आपल्या जागी, जेथे त्यांनी स्वतःच ते त्या दुपारी नेऊन ठेवले होते. दाखला त्याच दिवशी दिला. रकान्यात पुन्हा १ घातले. आता प्रत्येक परतीस पूर्वीपेक्षा वीसेक मिलिसेकंद अधिक लागतात. रांगेतल्या कोणाच्या ते ध्यानात आलेले नाही.