नॉर्मल रिपोर्टांची पिशवी

सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात माझ्यापुढे जे रुग्ण येतात, त्यांपैकी पुष्कळांच्या हाती कापडदुकानाची एक जीर्ण पिशवी असते, आणि ती टेबलावर पालथी झाली की रक्ताच्या तपासण्या, दोन-तीन कार्डिओग्राम, पोटाची सोनोग्राफी, एखादा मेंदूचा एमआरआय असे, जुन्या दिवाणी दाव्याच्या दप्तराला शोभतील इतके कागद बाहेर पडतात. त्यानंतर सोबतचा नातेवाईक जे वाक्य उच्चारतो ते मला मुखोद्गत झाले आहे : “डॉक्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. हिला काही झालेलं नाही, तुम्हीच एकदा समजावून सांगा.” रिपोर्ट निर्दोष म्हणजे माणूस निरोगी, हा जो समज या वाक्याच्या पोटात दडलेला आहे, त्याच्याशी झगडण्यात माझ्या व्यवसायाची पंचवीस वर्षे गेली आणि तो अद्याप जागचा हललेला नाही.

नैराश्याचे आणि चिंताविकाराचे रुग्ण ‘मी उदास आहे’ असे म्हणत दवाखान्यात शिरत नाहीत. उदासीसाठी डॉक्टरकडे जायचे असते हे आपल्या घरांतून कोणी शिकवलेलेच नसते; सबब मन आपली कैफियत पाठीच्या, पोटाच्या आणि डोक्याच्या नावाने गुदरते. अंग मोडून येते, हातापायांना मुंग्या येतात, छाती धडधडते, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही. हे दुखणे खरे असते. तपासण्या व्यर्थ आहेत असेही कोणी समजू नये, कारण थायरॉइड मंदावल्याने किंवा रक्त कमी झाल्यानेही पुष्कळशी हीच लक्षणे उद्भवतात आणि ते आधी पाहिलेच पाहिजे. मात्र तोच एमआरआय तीन शहरांतून तीनदा काढण्याचे प्रयोजन मला आजवर उमगलेले नाही.

दोष केवळ रुग्णांचा आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पन्नाशीच्या एक बाई पाठदुखीसाठी माझ्याकडे तीनदा आल्या आणि तिन्ही वेळा मी त्यांना वेदनाशामक गोळ्या व बी-ट्वेल्व्हचे इंजेक्शन देऊन वाटेला लावले. चौथ्या खेपेस वीज गेली, संगणक मिटला, आणि निरुपायाने मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. “हिला काय कमी आहे?” असे त्यांचे यजमान विचारीत होते, त्यांना केसपेपरवर शिक्का आणण्याच्या मिषाने बाहेर धाडले आणि पहिल्याच खेपेस विचारायला हवे होते ते विचारले. बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करून त्या म्हणाल्या, “तुळशीला पाणी घालायचंसुद्धा राहून जातं हो, डॉक्टर.”

विचारायचे ते फार नसते. गेल्या पंधरा दिवसांत कामात, माणसांत, आवडीच्या गोष्टींत गोडी वाटेनाशी झाली आहे का, आणि मन खिन्न किंवा हताश राहते का, एवढे दोनच प्रश्न. उत्तर होकारार्थी आले तर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. तिचे कमाल गुण २७, आणि १० किंवा त्याहून अधिक भरले तर डॉक्टरने नीट बसून बोलावे असा संकेत आहे. वजन आणि रक्तदाब नोंदणाऱ्या परिचारिकेलाही हे प्रश्न विचारता येतात. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशी छाननी करून, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांच्या हाती रुग्ण सोपवले, तेव्हा अधिक रुग्ण बरे झाले, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले काय, तर नैराश्य-चिंतेसारख्या सामान्य विकारांच्या दहांतील आठांहून अधिक जणांना उपचार मिळतच नव्हते! तेव्हा तुमचा डॉक्टर कागदांवरून नजर उचलीत नसेल, तर या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला न विचारता सांगून टाका. तो रागावला, तर डॉक्टर बदला.

याउलट घडते काय? उतारा टाकला जातो, अंगारा लावला जातो, ‘ताकदीची सलाईन’ चढवली जाते. आणि मोबाइलवर कोणी अनोळखी गृहस्थ सात दिवसांत नैराश्य मुळासकट उपटून देण्याची हमी देतो. याहून घातक प्रकार म्हणजे ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून चिठ्ठीविना आणलेली अल्प्राझोलामची गोळी. सवय लागते ती हिची. आणि ही बिनदिक्कत घेणारी माणसेच नैराश्यावरील औषधाला मात्र ‘सवय लागेल’ म्हणून नकार देतात! त्या औषधाची तशी चटक लागत नाही. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही ते निदान सहा महिने चालू ठेवावे लागते; आपल्या मर्जीने एकाएकी बंद करण्याचे औषध ते नव्हे. सौम्य विकारात पुष्कळदा समुपदेशनानेच काम भागते, हेही भिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. त्या बाईंची पाठ तीन महिन्यांत मोकळी झाली. इंजेक्शनाने नव्हे, हे मला कबूल केले पाहिजे.

आता जेथे विलंब क्षम्य नाही ते सांगतो. ‘माझा भार तरी उतरेल’ अशी भाषा, अन्न सोडणे, निरवानिरव करणे, दीर्घ तळमळीनंतर अकस्मात आलेली शांतता, बाळंतिणीचे बाळाकडेही न पाहणे, यांपैकी काहीही दिसले तर ‘मरणाचे विचार येतात का?’ असे सरळ विचारा; विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही भीती निराधार आहे, उलट पुष्कळांना विचारणारे कोणी भेटल्याचे हायसे वाटते. पोलिसांच्या धाकाने प्रकार दडपू नका. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गृहीत धरतो. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क, मराठीतूनही बोलता येते. त्या माणसाला एकटे सोडू नका, दवाखान्यात घेऊन या, आणि निघण्यापूर्वी गोठ्यातल्या फळीवरचा फवारणीच्या औषधाचा डबा उचलून शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला द्या.