चोरून खाण्याचा आळ

वजन पुन्हा चढायला लागलं तेव्हा त्या क्लिनिकमधल्या आहारतज्ज्ञ बाईंनी माझी डायरी मिटून बाजूला सारली आणि ह्यांना विचारलं, "घरी चोरून काय खातात या?" मला नाही, ह्यांना! पॅकेजचे पैसे मात्र आधीच भरून घेतले होते. मी मोजून भाकरी खात होते, रात्री मुगाच्या कढणावर झोपत होते. डायरीतलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

पुढे शुगरसाठी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "जेवल्यावर किती वेळात भूक लागते?" इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी समजावलं, वजन उतरलं की पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं, भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं. डाएटनंतर वर्ष उलटलं तरी हे पूर्ववत होत नाही, असं मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ सालीच दाखवलंय. 'द बिगेस्ट लूझर' या अमेरिकन कार्यक्रमातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं, तर विश्रांतीत त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ऐकता ऐकता मला रडू फुटलं. त्या बाईंचा राग आला तो अजून गेलेला नाही. हे त्यांना ठाऊक नसेल, तर पैसे कसले घेतले?

बीएमआय ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून मधुमेह असेल, तर नवनवे डाएट चार्ट धरत बसू नका. औषधं आणि बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया यांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. थायरॉईड तपासा. घोरत असाल तर झोपेची तपासणी करा. चालणं सोडू नका.

आणि कागद जपा. शस्त्रक्रियेच्या मंजुरीसाठी विमा कंपनी आधीचे उपाय फसल्याचा पुरावा मागते. माझ्या क्लिनिकनं जुन्या नोंदी द्यायला इतकी टाळाटाळ केली, की माझी फाईल अडकून पडली. पहिल्या दिवसापासून तारखेसह वजन, चार्ट, पावत्या, सगळं लेखी घ्या. शस्त्रक्रियेनंतरही प्रथिनं, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर आहेतच, हे आधीच समजून घ्या.

'हमखास' अशी पाटी लावणाऱ्यांकडे आगाऊ पैसे भरू नका. आणि घरच्यांनो, आमच्या ताटाकडे बघणं थांबवा, डॉक्टरकडे सोबत या.